चुकलेला टाका आणि माहेरची माहिती

मैत्रिणींनो, स्वेटर विणताना सुलट टाक्याच्या जागी उलट पडला आणि तो चार ओळींनंतर ध्यानात आला, तर जीव हळहळतो; पण आपण उसवतोच ना? आपल्या शरीरातही हेच काम अहोरात्र चालू असतं.

एका पेशीच्या दोन होताना तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. डीएनएची अक्षरं चारच. ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’ ही जोडी ठरलेली. पण एका पेशीत अशा जोड्या सहाशे कोटींच्या वर! एवढं उतरवताना कुठे तरी ‘ए’समोर ‘सी’ बसतोच. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिनं असा विजोड जोडा हेरतात. मग एमएलएच-१ आणि पीएमएस-२ धाग्याला छेद देतात, चुकीसकट शेकडो अक्षरं उसवली जातात आणि तेवढा भाग नव्याने भरला जातो. उसवायचा तो नवाच धागा बरं का, जुना तर मूळ नमुना! नव्यात न सांधलेल्या फटी असतात, त्यावरून तो ओळखू येतो. हे काम उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ साली नोबेलचा वाटा मिळाला.

आता म्हणाल, याचं आम्हांला काय? ऐका तर. १८९५ साली अमेरिकेत अ‍ॅन आर्बर इथे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितलं, की घरातले बरेचजण कॅन्सरने गेले, आपणही तशाच जाणार. आणि ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. डॉक्टरांनी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. त्या घराण्याची हकिकत १९१३ साली छापली. शंभरएक वर्षांनी त्याच घराण्यात एमएसएच-२च्या जनुकात खोट सापडली. उसवणारा हातच अधू!

या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर तरुण वयातही होऊ शकतो. दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही, आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

आपल्याकडे मावशी कशाने गेली विचारलं, तर “पोटाचं दुखणं होतं” एवढंच उत्तर मिळतं. बायकांचे आजार पदराआड झाकायची ही रीत मला मुळीच पटत नाही. तेव्हा यंदा माहेरी गेलात की आईला, आत्याला नीट विचारा: कोणाला, कुठला, कितव्या वर्षी? मुलांसाठी सासरचीही माहिती काढा. दोनतीन नावं निघाली तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. रक्ताची तपासणी करता येते, आणि दुर्बिणीने आतड्यातल्या गाठी कॅन्सर होण्याआधीच काढता येतात. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग जरी दिसला, तरी सणवार आटपायची वाट न बघता दवाखाना गाठा.