समजून घ्या : २०८०मध्ये सोयाबीन खरंच वाढणार का?

‘२०८०पर्यंत सोयाबीनचं उत्पादन १४ टक्क्यांनी वाढेल.’ हा दावा बियाण्यांच्या जाहिरातीतला नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ‘निक्रा’ प्रकल्पातल्या अभ्यासाच्या आधारे केंद्र सरकारनं तो संसदेत मांडला आहे. त्याच अभ्यासानुसार, उपाय केले नाहीत तर कोरडवाहू भात २०५०मध्ये २० टक्क्यांनी आणि २०८०मध्ये ४७ टक्क्यांनी घटेल.

मग लातूर-वाशिमच्या शेतकऱ्यानं निर्धास्त व्हायचं?

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. पीक मॉडेल म्हणजे संगणकात पेरलेलं शेत. दिल्लीच्या पुसा संस्थेत तयार झालेलं ‘इन्फोक्रॉप’ हे त्यातलंच एक. रोजचं तापमान, पाऊस, ऊन, जमिनीचा पोत, वाण आणि पेरणीची तारीख दिली की ते रोज पान किती वाढलं, मुळांनी पाणी किती ओढलं याचा हिशेब करतं. मग आजच्या हवामानाऐवजी २०५०चं हवामान भरायचं आणि पीक पुन्हा ‘वाढवायचं’.

सोयाबीनला यात मदत होते ती कार्बन डायऑक्साइडची. हवेत तो वाढला की सोयाबीन जास्त अन्न बनवतं, शिवाय पानांतून पाणीही कमी उडतं. मका-ज्वारीला हा फायदा फारसा मिळत नाही. खरीप मक्याचा अंदाज २०५०साठी उणे १८ टक्के आहे, तो उगाच नाही.

गणित चुकीचं नाही. पण ते सरासरीचं आहे आणि शेतकरी सरासरीवर जगत नाही. ऑक्टोबर २०१९च्या परतीच्या पावसात काढलेलं सोयाबीन शेतातच भिजलं, शेंगांना कोंब फुटले. २०२३मध्ये पिवळ्या मोझॅकनं उभं पीक पिवळं पडलं. काही मॉडेलांत कीड-रोगांची सोय असते, पण पांढरी माशी कोणत्या शिवारात कधी उतरेल, हे ५० वर्षं आधी कोण भरणार?

म्हणून १४ टक्क्यांच्या भरवशावर विमा किंवा वाणांचं धोरण आखणं धोक्याचं. राज्यात ‘महावेध’ची २,०००हून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. त्यांची नोंद आज मुख्यतः विमाभरपाईच्या वादातच बाहेर येते. तीच मॉडेलला जोडून, कोणत्या मंडळात किती दिवसांचं वाण काढणीच्या पावसातून सुटेल, हे पेरणीआधी सांगायला काय हरकत आहे? शेतकऱ्याला २०८०चं नंतर सांगा, आधी येत्या जूनचं सांगा.