अहवालातील मोठा आकडा

रात्री पुरेशी झोप होऊनही सकाळी अंग जड वाटते, केस गळतात, वजन वाढते, इतरांना उकडत असताना थंडी वाजते. घरची माणसे म्हणतात, 'आळस वाढलाय!' मग कधीतरी रक्त तपासले जाते. टीएसएच थोडे वाढलेले निघते आणि 'अँटी-टीपीओ'पुढे चारशे-पाचशेचा आकडा असतो. तो पाहून गृहिणीच्या पोटात गोळा येतो.

हा आकडा प्रतिपिंडांचा असतो. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. पण कधी कधी कुंपणच शेत खाते. शरीराची संरक्षण यंत्रणा गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवरच हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू दुबळी होते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींचा अभ्यास करून या विकाराचे वर्णन केले. रुग्णांच्या रक्तात ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे असतात, हे लंडनच्या संशोधकांनी १९५६ साली दाखवून दिले.

हाशिमोटोच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत टीपीओ प्रतिपिंडे सापडतात. मात्र ती दहांतील एखाद्या धडधाकट माणसातही असतात. टीएसएच ठीक असेल, तर केवळ प्रतिपिंडांसाठी सहसा औषध लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच तपासावे. दोन्ही वाढलेले असतील, तर अशा शंभर स्त्रियांपैकी साधारण चौघींची ग्रंथी दरवर्षी पुरती थकते. त्यांनी डॉक्टरांची भेट टाळू नये.

आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असे मात्र नाही. गोळीचे प्रमाण टीएसएचवर ठरते. प्रतिपिंडे पुन्हा पुन्हा मोजून खर्च वाढवण्याची गरज नसते. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास डॉक्टरांना सांगून तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बंद ठेवावे. त्यामुळे अहवाल चुकू शकतो.

दिवस राहिल्यास प्रतिपिंडांची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. सुरुवातीचे काही महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते. म्हणून अशा स्त्रियांचे टीएसएच पहिल्या पाच महिन्यांत साधारण दर चार आठवड्यांनी पाहतात.

गोळी सुरू झाली, तर ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. हा विकार घराण्यात चालतो; तेव्हा बहिणीला किंवा लेकीला अशीच लक्षणे दिसली, तर तिला आळशी ठरवण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यावे.