शादीखान्याची वरची खोली

शादीखान्याच्या कमिटीला मी अर्ज दिला होता. वरची खोली दोन दिवसांसाठी हवी, मुलांच्या कामाचं प्रदर्शन मांडायचं आहे, विजेचे पैसे आम्ही देऊ. अर्ज उर्दूत आणि मराठीत, दोन्ही माझ्या हातचे, कारण कमिटीतल्या काहींना एक वाचता येते, काहींना दुसरी. आठ दिवसांनी शाळेच्या शिपायाकरवी निरोप आला: तस्वीरी लावता येणार नाहीत, बाकी काही असेल तर बघू.

बाकी काही म्हणजे काय, हे विचारायला मी स्वतः गेले. सेक्रेटरीसाहेब भले गृहस्थ आहेत, त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली. म्हणाले, "मॅडम, तुमची नियत साफ आहे हे आम्हाला ठाऊक आहे. पण लोक बोलतात. तुम्ही खत्ताती लावा ना. मुलांचं अक्षर छान आहे, आयती लिहून घ्या."

हे ते सांगत होते तेव्हा त्यांच्या डोक्यामागे एक मोठी फ्रेम होती. तिच्यात आमदारसाहेब शादीखान्याची फीत कापताहेत, शेजारी अख्खी कमिटी उभी, हार घातलेली. त्या फ्रेमबद्दल लोक काही बोलत नाहीत. लग्नात याच हॉलवर ड्रोन उडतो, पडद्यावर नवरा-नवरीचं शूटिंग चालतं, त्याबद्दलही कुणी बोलत नाही. बोलतात ते दहावीच्या मुलांनी आणलेल्या फोटोंबद्दल.

ते फोटो कसले होते ते सांगते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांना मराठी निबंध लिहायला सांगितलं की ती 'माझा आवडता ऋतू' गाईडातून उतरवून काढतात. मला त्यांच्याकडून त्यांचं स्वतःचं वाक्य हवं होतं. म्हणून म्हटलं, वडील, चाचा, भाऊ, जो कोणी परदेशात किंवा जहाजावर असेल त्याच्याकडून त्याच्या राहण्याच्या जागेचा फोटो मागवा आणि त्याखाली चार ओळी लिहा, दोन उर्दूत, दोन मराठीत. आमच्या खाडीकाठच्या गावात असा माणूस नाही असं घर शोधावं लागेल. सत्तावीस मुलांनी त्रेसष्ट फोटो आणले. लोखंडी पलंगांवर पलंग, एका खोलीत आठ माणसं. फ्रीजला चिकटवलेला स्वयंपाकाच्या पाळ्यांचा कागद. खिडकीच्या गजांना वाळत घातलेले युनिफॉर्म. जहाजाच्या भटारखान्यात पीठ मळणारे एकाचे बाबा. त्या मुलाने खाली लिहिलं होतं, 'घरी बाबा पाणीसुद्धा स्वतः घेत नाहीत.' पंधरा वर्षांच्या नोकरीत मी वाचलेलं हे सर्वांत चांगलं मराठी वाक्य.

आता त्या शादीखान्याच्या दारातली संगमरवरी पाटी आठवा. देणगीदारांची नावं, आकड्यांसकट. ती सगळी माणसं याच खोल्यांत राहतात. त्यांच्या पैशाने भिंत उभी राहिली, आणि त्यांच्या खोलीचा फोटो त्या भिंतीला चालत नाही. याला मी दीन मानत नाही. मला याची लाज वाटते.

एका मुलीने फोटोऐवजी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आणला. तिचे वडील खलाशी आहेत. समुद्रात डॉल्फिन उड्या मारताहेत आणि त्यावर वडिलांनी जुनं हिंदी गाणं चढवलेलं. ती विचारत होती, "मॅडम, हे पण चालेल का?" मला तेव्हा एक चित्रपट आठवला, जो मी मुंबईत मैत्रिणीच्या घरी पाहिला होता. नाव 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ', साल 2013. तो बनवला मुंबईच्या 'कॅम्प' या कलाकारांच्या गटाने, पण बनवला म्हणजे काय, तर त्यातली बरीच दृश्यं खलाशांनी स्वतःच्या मोबाईलवर घेतलेली आहेत. कच्छच्या आखातातले, सिंधचे, बलुचिस्तानचे, दक्षिण इराणचे खलाशी. लाकडी जहाजं बांधतात, त्यांत माल भरून आखाती बंदरांतून सोमालियाकडे जातात, आणि वाटेत दिसेल ते टिपतात: वादळ, बकऱ्या, स्वयंपाक, एकमेकांची चेष्टा. त्यावर त्यांच्याच आवडीची गाणी. हे व्हिडिओ ते बंदरात एकमेकांना मोबाईलवरून देत असत. कॅम्पच्या लोकांनी चार वर्षं त्यांच्याशी संवाद आणि मैत्री ठेवून ते एकत्र केले. त्याआधी, 2009 मध्ये, शारजाच्या कलामहोत्सवात त्यांनी याच बंदराबद्दल एक पुस्तक काढलं होतं आणि खाडीवर चार संध्याकाळी रेडिओ चालवला होता.

जगभर गाजलेलं हे काम आमच्या दहावीच्या मुलीच्या व्हिडिओपेक्षा जातीने वेगळं नाही. फरक एवढाच, की त्या खलाशांना कुणीतरी जागा दिली.

जागा हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. कॅम्प हा गट 2007 पासून चालतो. खारजवळच्या चुईम गावठाणात त्यांचा स्टुडिओ आहे आणि त्याच्या गच्चीवर ते वर्षानुवर्षं चित्रपट दाखवत आले आहेत. गच्ची, पडदा, प्रोजेक्टर आणि नंतरच्या गप्पा. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्येही, जिथे मुंबईतल्या विस्थापितांना आणून बसवलं, त्यांनी 'आर अँड आर' नावाची एक जागा उभी करण्यात पुढाकार घेतला. सरकारी कागदात आर अँड आर म्हणजे पुनर्वसन. त्या कागदातलं पुनर्वसन खोली दिली की संपतं. चित्र पाहायला, वाचायला, एकत्र बसायला माणसाला जागा लागते हे कागदात नसतं.

आपल्याकडे ती जागा मागितली की लगेच मसला निघतो. तस्वीर हराम. ठीक, बोलूया. हदीसमध्ये तस्वीर बनवणाऱ्यांबद्दल कडक शब्द आहेत हे मलाही माहीत आहे, मी ते लपवत नाही. पण कॅमेऱ्याचा फोटो त्यात मोडतो का, यावर शंभर वर्षांपासून उलेमांत मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी कॅमेऱ्याच्या फोटोला परवानगी देणारं रिसाला लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की फोटो म्हणजे सावली धरून ठेवणं आहे, नवी निर्मिती नाही. बरेच उलेमा हे मानत नाहीत, त्यांचा मी आदर करते. पण मग ते मत सगळीकडे लावा. हजला जाताना पासपोर्टवर फोटो लागतो, तिथे जरूरत म्हणून सूट घेतो. लग्नाच्या अल्बमला कुठली जरूरत आहे? आमदारांच्या फ्रेमला? जिथे आपली हौस असते तिथे फिकह नरम होते आणि जिथे एखादी मुलगी काही दाखवू पाहते तिथे ती कडक होते, हे मी वीस वर्षं बघते आहे.

हुसेनसाहेबांच्या बाबतीतही आपण हेच केलं. 1947 साली मुंबईत सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. कुणाच्या खिशात फारसं काही नव्हतं. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाचे बोर्ड रंगवत होते. एकमेकांच्या आधारावर उभी राहिलेली ही माणसं, त्यांत दोन मुसलमान, दोन मराठी, एक गोव्याचा. पुढे हुसेनना देश सोडावा लागला तेव्हा आपण छाती पिटून म्हणालो, कलाकाराला स्वातंत्र्य नाही. बरोबरच म्हणालो. पण 2004 साली त्यांच्या 'मीनाक्षी' या चित्रपटातल्या एका गाण्यावर आपल्याच संघटना उठल्या आणि त्यांनी तो थिएटरांतून काढून घेतला, हे आपण कधी बोलत नाही. कलाकार दुसऱ्याने छळला की तो आपला, आपण छळला की तो बेदीन.

पण हा लेख फक्त कमिटीवर लिहिला तर दुसरी बाजू सुटेल, आणि तिच्याबद्दलही माझ्या मनात राग आहे. काही वर्षांपूर्वी शहरातली काही कलाकार मंडळी आमच्या मोहल्ल्यात आली होती. चांगली होती, नम्र होती. जुन्या घरांच्या नक्षीदार दारांचे, तांदूळ निवडणाऱ्या बायांचे फोटो काढले, चहा-बिस्किटं घेतली. पुढे ते फोटो एका मोठ्या दालनात लागले. आम्हाला कळलं ते इन्स्टाग्रामवरून, एका पोराने आपली दादी ओळखली म्हणून. फोटोखाली इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतं, दादीचं नाव तेवढं नव्हतं. ते दालन सर्वांना मोफत खुलं होतं असं म्हणे. पण मोफत असलेल्या जागी जायला आमच्या गावातून एसटीचे आणि रेल्वेचे पैसे पडतात, आणि काचेच्या दारातून आत शिरायला जे धाडस लागतं ते तर विकतही मिळत नाही. मोहल्ला हा विषय म्हणून यांना हवा असतो, शेजारी म्हणून नको. मी ज्यांची वर स्तुती केली त्या गटांचीही भाषा पुष्कळदा इंग्रजीच असते, हे सांगायला हवं.

म्हणून माझं म्हणणं आहे की जागा आपली हवी, आपल्या गावात हवी आणि ती चालवणारे काम करणारेच हवेत. हे स्वप्नरंजन नाही. वीस कोटींहून अधिक मुसलमानांच्या इंडोनेशियात, जकार्तात, 2000 साली काही तरुण कलाकारांनी रुआंगरुपा नावाचा गट काढला. भाड्याचं घर, तिथेच काम, तिथेच जेवण, तिथेच प्रदर्शन. त्यांच्याकडे एक शब्द आहे, नोंगक्रोंग. म्हणजे काही काम नसताना एकत्र बसून गप्पा मारणं. मराठीत त्याला कट्टा म्हणतात. त्या गटाला जर्मनीतल्या कासेल गावी भरणाऱ्या डॉक्युमेंटा या प्रदर्शनाचे, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एकाचे, 2022 सालच्या आवृत्तीसाठी प्रमुख नेमलं गेलं. आशियातून पहिल्यांदाच. त्यांनी काय आणलं? लुंबुंग. गावचं सामाईक भाताचं कोठार, ज्यात जास्तीचं पीक ठेवायचं आणि सगळ्यांनी मिळून वापरायचं. पैसा, जागा, ओळखी असंच वाटायचं. ढाक्याच्या ब्रिट्टो या गटाने तिथे स्वयंपाकघर थाटलं. सगळं गोड झालं असं नाही. तारिंग पाडी या गटाच्या एका मोठ्या फलकात ज्यूद्वेषी चित्रं निघाली आणि तो काढावा लागला. तो काढणं योग्यच होतं असं माझं मत आहे. आपल्यावरच्या व्यंगचित्रांनी आपल्याला जे दुखतं ते दुसऱ्यालाही दुखतं. सामाईक कोठारात कोण काय आणून टाकतो यावर सगळ्यांनीच नजर ठेवायची असते.

मात्र कट्टा म्हटला की आमच्या मोहल्ल्यात अडचण आहे. कट्टा पुरुषांचा आहे. मशिदीसमोरच्या पाराचा, नाक्यावरच्या दुकानाचा, जेटीचा. रिकामं बसण्याचा हक्क बाईला नाही. तिने बाहेर बसायचं तर हातात काम हवं, निदान कुणाच्या घरी मय्यत तरी हवी. माझ्या वर्गातून गेलेल्या कितीतरी मुलींचे हात सुरेख चालायचे. कुणी गोधडीत अशी रंगसंगती करायची की बघत राहावं. आता भेटल्या की म्हणतात, "मॅडम, ते सगळं राहून गेलं." ते कुठे राहून गेलं, याचं उत्तर मला त्या बंद खोलीत दिसतं. शादीखान्याच्या वरच्या खोलीत आज तुटके बाक, जुने तंबूचे बांबू आणि एक बंद पडलेला कूलर आहे. तिची किल्ली सेक्रेटरींच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते.

प्रदर्शन झालं, ते सांगायचं राहिलं. माझ्या खालाच्या पडवीत. दोरी बांधली, कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो लावले, व्हिडिओसाठी एकीने भावाचा लॅपटॉप आणला. पहिल्या दिवशी बायाच आल्या. दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर अंगणाच्या गडग्यापाशी पुरुष येऊन उभे राहिले, आत यावं की नाही अशा बेताने. त्यांतले बरेच आखातातून परतलेले. मग एक चाचा आत आले, एका फोटोपुढे थांबले आणि बायकोला बोलावून म्हणाले, "हा वरचा पलंग. अकरा वर्षं." ती बराच वेळ बघत राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली असतील, पण नवरा कुठे झोपत होता हे ती तेव्हा पहिल्यांदा बघत होती.

मी कमिटीला नवा अर्ज लिहिला आहे. या वेळी दोन दिवसांसाठी नाही. महिना तीनशे रुपये भाडं, साफसफाई आमची, दुरुस्ती आमची, लग्नाच्या दिवशी खोली बंद, रमजानमध्ये फक्त दुपारी. किल्ल्या दोन, एक कमिटीकडे, एक आमच्याकडे. खाली एकवीस सह्या आहेत, त्यांतल्या चौदा बायांच्या. आमदारांची फ्रेम काढा असं आम्ही म्हटलेलं नाही. शुक्रवारी जुम्म्यानंतर कमिटी बसते, तेव्हा अर्ज घेऊन मीच जाणार आहे, शिपायाला पाठवणार नाही.