सल्ला देणारा उद्या सापडेल का?

गेल्या आठवड्यात एका जुन्या मित्राच्या घरी गेलो होतो. त्याची परवानगी घेऊनच लिहितोय, नाव-गाव विचारू नका.

त्याच्या धाकट्या भावाला दीड वर्षापासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. पोरगा सावरला होता, दुकानात बसायला लागला होता. मग फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. 'या गोळ्या मेंदू सुन्न करतात, आयुष्यभर सुटत नाहीत, आजच बंद करा.' त्याने खरंच त्या दिवशी बंद केल्या. चार दिवसांत चक्कर, घाबरल्यासारखं व्हायला लागलं, झोप उडाली. घरचे म्हणाले, बघा, व्यसनच लागलं होतं! महिनाभरात पोरगा परत खोलीत, दार लावून. आता पुन्हा डॉक्टरकडे नेलंय, हळूहळू येतोय जाग्यावर.

तो व्हिडिओ मी पाहिला. बोलणारा गोड बोलतो, आपल्यासारखंच बोलतो. डॉक्टर आहे की नाही ते कुठेच नाही. खाली मात्र एका चूर्णाची लिंक आहे.

मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. पण बातमी तपासायची जी सवय आहे, तीच इथे लावून बघितली.

डिप्रेशनच्या गोळ्या एकदम बंद केल्या की त्रास होऊ शकतो, हे डॉक्टर आधीपासून सांगतात. म्हणूनच त्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करत आणायच्या असतात. याला दारू-तंबाखूसारखं व्यसन म्हणत नाहीत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हेही खरं. व्हिडिओवाल्याने दोन्ही एकाच पोत्यात भरलं. धडधडीत खोटं पटकन ओळखू येतं. अर्धं खरं असतं ना, ते घात करतं.

दुसरं उदाहरण घ्या. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांचा एक आढावा आला. मेंदूत सेरोटोनिन कमी झाल्यामुळेच डिप्रेशन येतं, याला ठोस पुरावा नाही, असं त्यात होतं. सोशल मीडियावर त्याचं झालं, 'गोळ्या म्हणजे फसवणूक!' पण गोळ्या लागू पडतात की नाही, हे त्या आढाव्यात तपासलंच नव्हतं. ते तपासलं होतं २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात. ५२२ चाचण्या, २१ औषधं, एक लाखाहून जास्त मोठी माणसं. सगळी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. चमत्कार नाही, फरक बेताचाच, पण फरक होता.

उलट बाजूही सांगतो. चालायला जा, झोपेची वेळ पाळा, माणसांत बसा, हे सल्ले काही चुकीचे नाहीत. सौम्य डिप्रेशनला गोळ्यांची गरज नसते, आधी बोलण्यातून होणारे उपचार, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. पण सौम्य की गंभीर, हे रील बनवणाऱ्याला कसं कळणार? त्याने तुम्हाला पाहिलंय का? थायरॉईड कमी असला तरी माणूस असाच गळून जातो. ते रक्त तपासल्यावर कळतं, कॉमेंट वाचून नाही.

मग विश्वास कुणावर ठेवायचा? उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी गावाने त्यांचं ऐकलं. का? एक तर त्या गावातच राहायच्या. सल्ला चुकला तर उद्या सकाळी त्याच पाणवठ्यावर तोंड दाखवायचं होतं. आणि दुसरं, आपल्या हातचं काय नाही हे त्यांना शिकवलेलं होतं. 'हे माझ्याच्याने होणार नाही, जामखेडला न्या' असं त्या सांगायच्या.

माझ्या मते मोबाइलवरच्या सल्ल्यालाही हीच दोन मापं लावावीत. चुकलं तर हा माणूस सापडेल का? आणि 'आता माझं ऐकू नका, डॉक्टरकडे जा' असं तो कधी म्हणतो का? डॉक्टर म्हणवत असेल तर नोंदणी क्रमांक बघा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार तो दाखवणं बंधनकारक आहे. काही विकतोय का बघा. आणि 'आजच गोळ्या बंद करा' म्हणणारा कितीही मोठा असो, तिथेच व्हिडिओ बंद करा.

आता एक सरकारला. लोक मोबाइलकडे हौसेने जात नाहीत राव. मानसोपचारतज्ज्ञ लांब, फी जास्त, त्यात 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून लाज. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क दिलाय. मग प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारात साधा फळा तरी लावा, की मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी, किती वाजता भेटतील. नसतील येत तर तेही लिहा. खऱ्या माहितीचा रस्ता बंद असला की खोट्याची गर्दी होणारच.

तोवर एक नंबर सेव्ह करा : १४४१६. टेलि-मानस, सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. घरात कुणी 'जगण्यात अर्थ नाही' असं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, नंबर लावा, दवाखान्यात न्या.

तो व्हिडिओ ज्या ग्रुपवर आला होता, त्याच ग्रुपवर मित्राने हा नंबर टाकलाय. तुमच्याही ग्रुपवर टाका. नुसता लाईक नको.