मॉडेड माइनक्राफ्ट : आधी गटार, मग बंगला!

मंडळी, साधं माइनक्राफ्ट तर तुम्हाला माहीतच आहे. चौकोनी ठोकळे, झाड तोडायचं, खाण खणायची आणि अंधार पडून झॉम्बी यायच्या आत चार भिंती उभ्या करायच्या. मार्कुस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरने २००९ मध्ये हा गेम लोकांसमोर आणला, २०११ मध्ये तो पूर्ण झाला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून अख्खी कंपनीच उचलली आणि २०२३ मध्ये खपाचा आकडा ३० कोटींच्या पुढे गेला. घरातला पाचवीतला भाचाही तो खेळतो. त्यामुळे ऑफिसमधलं कुणीतरी जेव्हा म्हणतं, 'अरे, ते पोरांचं सोड, मॉडेड खेळून बघ, सॉलिड आहे!' तेव्हा आपण लगेच हो म्हणतो.

मग काय होतं? सगळ्यात मोठा मॉडपॅक डाउनलोड होतो. त्यात शेकडो मॉड असतात, म्हणजे वेगवेगळ्या हौशी मंडळींनी मूळ गेमला जोडलेल्या मशीनरी, जादू, अणुभट्ट्या, रॉकेट आणि चाळीस प्रकारच्या लोखंडी पट्ट्या. स्क्रीनच्या उजवीकडे हजारो वस्तूंची यादी उघडते. विसाव्या मिनिटाला डोकं गरगरतं, गेम बंद होतो आणि 'आपल्याच्याने नाही होणार बॉस' असा निकाल लागतो. माझं स्पष्ट मत आहे की मॉडेड माइनक्राफ्ट अवघड नाहीच, ते फक्त अवाढव्य आहे. आणि अवाढव्य गोष्ट कशी उभी करायची हे बोनकोडेत राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही, कारण आपण अशाच एका गोष्टीच्या आत राहतो.

पण त्याआधी आपल्याकडे वेळ किती आहे ते बघू. महापे नाहीतर ऐरोलीहून सुटायचं, कोपरखैरणे स्टेशनबाहेर रिक्षासाठी थांबायचं, घरी येऊन जेवायचं, आईशी (किंवा बायकोशी, किंवा रूममेटशी!) चार शब्द बोलायचे. उरतो जेमतेम दीड तास. मॉडेड गेम हा दीड तास गिळतो आणि वर झोपेचे दोन तास मागतो. म्हणून पॅक निवडताना तो किती भारी आहे हे बघू नका, तो तुमच्या दीड तासात मावतो का ते बघा. 'ग्रेगटेक न्यू होरायझन्स' नावाचा एक पॅक आहे. तो शेवटपर्यंत न्यायला लोकांना हजारो तास लागतात. नोकरी सांभाळून पहिल्यांदाच मॉडेड खेळणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. सुरुवातीला 'एफटीबी अकॅडमी'सारखा शिकवण्यासाठीच बनवलेला पॅक घ्या, किंवा 'क्रिएट' या एकाच मॉडभोवती रचलेला एखादा छोटा पॅक. माझी पसंती क्रिएटला. का, ते पुढे सांगतो.

तांत्रिक भाग पटकन उरकू. मोबाइलवरची किंवा कन्सोलवरची आवृत्ती इथे चालत नाही, कॉम्प्युटरवरची 'जावा एडिशन' लागते. मॉड हाताने एकेक टाकत बसू नका. कर्सफोर्ज, मॉडरिंथ किंवा प्रिझम यापैकी एक लाँचर घ्या, तो अख्खा पॅक एका क्लिकमध्ये बसवतो. प्रत्येक मॉड गेमच्या ठरावीक व्हर्जनसाठी आणि फोर्ज, फॅब्रिक किंवा निओफोर्ज यांपैकी ठरावीक लोडरसाठी बनलेला असतो. त्यामुळे १.१२.२ चा मॉड १.२०.१ मध्ये घुसवायचा हट्ट धरू नका, तो चालणार नाही. मेमरीचं म्हणाल, तर ८ जीबीच्या लॅपटॉपवर गेमला ४ जीबी द्या आणि क्रोम बंद करा. १६ जीबी असेल तर ६ ते ८ भरपूर झाले. सगळीच देऊन टाकली तर गेम उलट अडखळतो. आणि हो, ऑफिसच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको! जून २०२३ मध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचा व्हायरस कर्सफोर्जवरच्याच काही मॉडमधून पसरला होता. नावाजलेल्या ठिकाणी ही तऱ्हा, तर मग 'फ्री डाउनलोड' लिहिलेल्या कुठल्यातरी साइटवर काय असेल, विचार करा.

आता पहिली संध्याकाळ. त्या हजार वस्तूंच्या यादीला घाबरू नका, ती वाचायची नसतेच. तो 'जेईआय' नावाचा मॉड आहे. वस्तूवर माउस नेऊन आर दाबलं की ती कशी बनते ते दिसतं, यू दाबलं की तिचा उपयोग कुठे होतो ते. निम्मं मॉडेड माइनक्राफ्ट म्हणजे ही दोन बटणं, खरंच! बऱ्याच पॅकमध्ये कामांची वही असते, 'क्वेस्ट बुक'. एका संध्याकाळी त्यातलं एकच पान घ्यायचं. क्रिएटमध्ये तर आणखी मजा आहे. वस्तूवर माउस ठेवून डब्ल्यू दाबून धरलं की ते यंत्र कसं चालतं याचा छोटासा चलतपट समोर सुरू होतो. विजेच्या अदृश्य तारा वगैरे नाहीत. पाणचक्की, पट्टा, दाते असलेली चाकं सगळी डोळ्यांसमोर फिरतात. गावाकडे पिठाची गिरणी पाहिलेल्या कुणालाही पाच मिनिटांत कळेल. एका चाकावर झेपेल त्यापेक्षा जास्त यंत्रं जोडली की सगळी साखळीच जागच्या जागी थांबते. म्हणजे चूक कुठे आहे ते शोधत बसावं लागत नाही, ती समोर उभीच असते.

आणि इथेच बोनकोडे कामाला येतं. नवखे खेळाडू आधी बंगला बांधतात. काचेच्या भिंती, गच्चीवर बाग. मग आत यंत्रं ठेवायला जागा नसते, पाइप जिन्यातून काढावे लागतात, पेट्या भरून वाहतात. सिडको १९७० मध्ये आली तेव्हा खाडीकाठच्या सखल जमिनीवर शहर उभं करायचं होतं. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर पाणी जाणार कुठे? म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव केले. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि ते खाडीत जातं. वाशीच्या मिनी सीशोअरला आपण भेळ खात ज्या पाण्याकडे बघतो, ते मुळात अशा सोयीचं पाणी आहे.

गेममध्ये नेमकं हेच करायचं. खाणीतून दगड येण्याचा वेग आणि भट्टीचा वेग कधीच जुळत नाही. मध्ये एक मोठी पेटी ठेवा, जास्तीचं तिथे साठेल. ती भरली की पुढचा माल कुठे जाणार तेही आधीच ठरवा, नाहीतर मागची सगळी लाइन तुंबते, पहिल्या पावसात तुंबतं तशी. यंत्रांच्या दोन ओळींमध्ये तीन ठोकळ्यांची मोकळी गल्ली सोडा, जमिनीखाली एक मजला निव्वळ पाइपांसाठी ठेवा. महिन्याभराने त्या रिकाम्या जागेसाठी स्वतःचीच पाठ थोपटाल.

मात्र सगळंच सेक्टरसारखं आखू नका. पहिल्या रात्री घाईत बांधलेली मातीची खोली असते ना, ती पाडायचा मोह आवरा. तिथे तुमच्या पहिल्या पेट्या असतात, पहिली भट्टी असते, डोळे मिटून हात जाईल अशा जागी सगळं असतं. बोनकोडे गाव असंच आधीपासून होतं, कोपरखैरणेचे सेक्टर नंतर आले. आजही सरळ रस्त्यावरून गावठाणात वळलं की गल्ली अरुंद होते आणि नकाशाचा काटकोन संपतो. (गेममध्ये एक बरं असतं, तिथली जमीन कुणाची नसते. खऱ्या नवी मुंबईत ती आगरी-कोळ्यांची होती. १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली.) तेव्हा जुनी खोली राहू द्या आणि नवा कारखाना तिच्या बाजूने वाढवा.

'हा काय पोरखेळ' असं घरचे म्हणाले, तर त्यांना सांगा की यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची संस्था २०१२ पासून 'ब्लॉक बाय ब्लॉक' उपक्रमात हाच गेम वापरते. नैरोबीतल्या किबेरा वस्तीत लोकांनी आपलं मैदान कसं हवं ते आधी ठोकळ्यांनी रचून दाखवलं. घरच्यांना पटेलच असं नाही!

शेवटचा विषय दोस्तांचा. कॉलेजचा ग्रुप आता एक पुण्यात, एक बंगळुरूत, एक न्यू जर्सीत, आणि व्हॉट्सअॅपवर नुसते बर्थडे केक. अशा ग्रुपसाठी एकत्र मॉडेड खेळण्यासारखी दुसरी गोष्ट नाही. पण पहिल्या आठवड्यात सगळे तुटून पडतात, ज्याला ऑफिसात काम कमी तो पुढे निघून जातो आणि बाकीचे लॉगिन केल्यावर त्याचा तयार कारखाना बघत बसतात. तिसऱ्या आठवड्यात सर्व्हर ओसाड. म्हणून आधीच कामं वाटून घ्या. एकाकडे शेती, एकाकडे वीज, एकाकडे साठवण, आणि दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय हात घालायचा नाही. आठवड्यातली एक रात्र सगळ्यांची ठरवा, न्यू जर्सीवाल्याची सकाळ बघून. भाड्याचा सर्व्हर घ्यायचा नसेल तर 'एसेन्शियल' नावाच्या मॉडने एकाच्या कॉम्प्युटरवरच्या जगात बाकीच्यांना बोलावता येतं, मात्र त्याचा कॉम्प्युटर बंद झाला की सगळ्यांचं जग बंद. तेव्हा यजमान निवडताना गेम कुणाला चांगला येतो ते बघू नका, नाइट शिफ्ट कुणाला नाही ते विचारा. आणि दर रविवारी त्या जगाची एक कॉपी दुसऱ्या कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर टाकून ठेवा.