पगारासाठी देणगी द्या

लहान संस्थेत देणगीदार आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुम्हाला वस्तुरूपात काय हवंय?’ मग पंखे येतात, स्टीलची कपाटं येतात, वॉटर कूलर येतो, कुणाच्या तरी वाढदिवसाला मुलांना गोडाचं जेवण मिळतं. पंख्याच्या पात्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवलेलं असतं. या वस्तूंची गरज असतेच आणि देणाऱ्याच्या भावनेविषयी मला शंका नाही. पण शाळेतल्या ताईंचा पगार, जागेचं भाडं, विजेचं बिल, सीएची फी यासाठी पैसे द्या, असं म्हणायला संस्थेच्या माणसाचीही जीभ रेटत नाही. आणि लहान संस्था अडचणीत येतात त्या बहुतेक वेळा याच खर्चांपायी.

तालुक्याच्या गावातली गतिमंद मुलांची एक शाळा माझ्या पाहण्यात आहे. तिथल्या एका ताईंनी कितीतरी मुलांना शर्टाची बटणं लावायला शिकवली. सोपं वाटतं, पण एका मुलाला एक बटण लावता यायला वर्ष जातं. आधी मोठं बटण आणि मोठं काज शिवलेल्या कापडाच्या पट्टीवर सराव, मग टेबलावर पसरलेल्या शर्टावर, आणि शेवटी अंगातल्या शर्टावर. पगार थकत गेले तशा त्या गावातल्याच कापडदुकानात कामाला लागल्या. त्यांना दोष कोण देईल? त्यांच्याही घरी शाळेत जाणारी मुलं आहेत. त्या गेल्यावर एक मुलगा कित्येक दिवस डबा उघडेना. त्या वर्षी शाळेत देणगीतून आलेले चार नवे पंखे फिरत होते.

असं संकट कोणत्याही वर्षी येऊ शकतं. 2020 मध्ये ते सगळ्यांवर एकदमच आलं. मार्चअखेर हा देणग्यांचा ऐन हंगाम, आणि नेमकी त्याच वेळी टाळेबंदी लागली. कोविडसाठीचा खर्च कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या खर्चात, म्हणजे सीएसआरमध्ये, धरला जाईल, असं कंपनी मंत्रालयाने त्याच महिन्यात जाहीर केलं आणि कंपन्यांचा पैसा स्वाभाविकपणे तिकडे वळला. मतिमंद, वृद्ध, अंध यांच्यासाठी काम करणाऱ्या लहान संस्थांकडे दोन-तीन महिन्यांचा खर्च भागेल इतकी गंगाजळी असती, तर त्यांना माणसं घरी बसवावी लागली नसती. ती नव्हती, कारण ती साठू देण्याची आपली रीतच नाही. बँकेत शिल्लक दिसली की आपण म्हणतो, ‘यांच्याकडे पैसे आहेत की!’ आणि देणगी दुसरीकडे वळवतो.

कंपन्यांचंही तेच. 2014 पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. त्या नियमात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारासाठी आहे. तरीही कंपनीचे अधिकारी ती संस्थेला लावतात आणि समन्वयकाचा पगार प्रस्तावातून कापतात. ज्या कामात माणूस हेच साधन आहे, तिथे माणसाच्या पगाराला ‘वरखर्च’ म्हणणं चूक आहे. संस्थांनी हे प्रस्ताव देतानाच स्पष्ट सांगायला हवं आणि त्यापायी एखादा प्रकल्प हातचा गेला तरी सांगायला हवं.

आपल्याकडे याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं, तेव्हा ती मूठभर माणसांची धडपड होती. दोन वर्षांत विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले. 1890 मध्ये टिळकांनी राजीनामा दिला, पुढे वामन शिवराम आपटे गेले आणि 1895 मध्ये आगरकरही गेले. पंधरा वर्षांत एवढी माणसं गमावूनही काम थांबलं नाही, कारण ही शाळा चालवणाऱ्या, 1884 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांची पद्धत होती. वीस वर्षं संस्थेत शिकवायचं, दरमहा पंचाहत्तर रुपये घ्यायचे. वेतन बेताचं, पण ठरलेलं. गोपाळ कृष्ण गोखले याच पद्धतीने तिथे राबले. टिळकांच्या राजीनाम्यामागचा वादसुद्धा सदस्यांचं वेतन आणि बाहेरची मिळकत याभोवतीचा होता. म्हणजे या मंडळींनी पगाराचा प्रश्न सतरंजीखाली ढकलला नाही, त्यावर भांडण होऊ दिलं. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि 1908 मध्ये निष्काम कर्ममठ काढला, तो आश्रमासाठी पुढचे कार्यकर्ते तयार व्हावेत म्हणून. स्वतः हयात असताना, काम भरात असताना त्यांनी हे केलं.

आजच्या किती संस्थाचालकांनी हे केलंय? मी हा प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर मिळतं, ‘आमच्यासारखं झोकून देणारं कुणी मिळत नाही.’ मिळत नाही, कारण आपण झोकून देण्याची अट घालतो आणि पगार विचारणाऱ्याकडे संशयाने बघतो. घरची शेती किंवा जोडीदाराची नोकरी पाठीशी असलेल्यांनाच मग हे काम परवडतं. गरिबाघरच्या हुशार मुलीला ते परवडत नाही, आणि खरं तर तीच त्या वस्तीला जवळून ओळखत असते.

संस्थापक गेल्यावर पहिली अडचण उभी राहते ती बँकेत. चेकवर सह्या कुणाच्या? बँक धर्मादाय कार्यालयाचा शेड्यूल वनचा उतारा मागते, आणि त्यावर विश्वस्त म्हणून कधीच दिवंगत झालेल्यांची नावं असतात. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तो कुणी केलेलाच नसतो. खात्यात पैसे असूनही पगार निघत नाही. त्यात देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी 80-जीची मान्यता 2021 पासून कायमची राहिलेली नाही, मुदत संपण्याआधी नव्याने अर्ज करावा लागतो. वर्षभरात मिळालेल्या देणग्यांचं विवरण 31 मेपर्यंत भरावं लागतं आणि उशिराला दिवसाला दोनशे रुपये पडतात. हे काम संध्याकाळी येऊन जाणाऱ्या सद्भावी कार्यकर्त्याकडून होत नाही. त्यासाठी निम्म्या वेळेचा का होईना, पगारी हिशेबनीस लागतो.

गंगाजळीबद्दल विश्वस्तांमध्ये एक धास्ती असते, की वर्षअखेर पैसे उरले तर कर लागेल. पण आयकर कायदा उत्पन्नाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत रक्कम मागे ठेवायला मुभा देतो. देणगीदाराने कायमनिधीसाठी म्हणून लेखी दिलेली रक्कम कायद्यात सांगितलेल्या ठिकाणी गुंतवली, तर ती या हिशेबातून वेगळी राहते. फक्त सगळं एकाच बँकेत ठेवू नये. 2013 मध्ये पुण्याच्या रुपी बँकेवर आणि 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले. पीएमसीच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्या वेळी ठेवविम्याचं संरक्षण एक लाखाचं होतं, फेब्रुवारी 2020 पासून ते पाच लाखांचं झालं. ओळखीच्या संचालकाच्या बँकेत सगळ्या ठेवी ठेवणाऱ्या विश्वस्तांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पगाराला दिलेल्या पैशांचा गैरवापर होईल, ही भीती मी समजू शकतो. त्यावर उपाय म्हणजे ताळेबंद मागणं. पगार चेकने होतात का, किती महिन्यांचे थकले आहेत, दुसऱ्या फळीत कोण आहे, हे विचारा. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही.

मार्चअखेर जवळ येतेय. यंदा वस्तू घेऊन जाण्याआधी तुमच्या गावातल्या एका लहान संस्थेला फोन करा आणि पगाराची सोय कशी आहे, ते विचारा. जमेल तेवढी रक्कम दरमहा तुमच्या खात्यातून तिच्याकडे जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. पाचशे रुपयेही चालतील, पण दर महिन्याला जाऊ द्या. एकरकमी मोठी देणगी देणार असाल, तर सोबत तुमच्या सहीचं पत्र द्या, ‘ही रक्कम संस्थेच्या कायमनिधीसाठी आहे.’