मुलांची किंमत पर्सेंटाइलवर ठरवू नका

जेईई, नीट आणि बारावीचे निकाल लागले की नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर क्लासेसचे फलक झळकू लागतात. पहिल्या आलेल्याचा फोटो सर्वांत मोठा, दुसऱ्या-तिसऱ्याचा त्याहून लहान आणि खालच्या ओळींत पासपोर्ट आकाराचे चेहरे. जेईईवाल्यांच्या नावाखाली तर दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंतचा पर्सेंटाइल. हाच हिशेब वर्षभर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही चालतो. आठवड्याच्या टेस्टची यादी नावानिशी येते आणि शेवटचे नाव कोणाचे, हे सगळ्यांना एकाच वेळी कळते. दुसरीकडे मुलांचा आत्मविश्वास वाढावा म्हणून व्याख्याने आणि शिबिरेही भरवली जातात. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. तरुण मुलांचा आत्मसन्मान भाषणांनी उभा राहत नाही. तो गुणांच्या यादीला बांधून ठेवणाऱ्या पद्धती आपणच चालवतो; त्या बदलल्याशिवाय बाकीचे सगळे उपाय वरवरचे ठरतील.

प्रश्न किती गंभीर आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. आत्महत्येमागे एकच एक कारण कधी नसते. घरातले ताण, आजार, पैशाची ओढाताण, एकटेपणा असे बरेच काही साचत आलेले असते, त्यामुळे सारे खापर परीक्षेवर फोडणे चुकीचे होईल. पण हा आकडा फक्त टोकाला गेलेल्यांचा आहे. झोप उडालेली, मेसचा डबा तसाच परत पाठवणारी, टेस्टचे गुण आले की घरचा फोन उचलायला घाबरणारी मुले कोणत्याच अहवालात मोजली जात नाहीत.

आत्मसन्मान वाढवला की सगळे सुधारेल, ही कल्पना अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर राबवून झाली आहे. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यासाठी सरकारी कृती गटच नेमला आणि शाळाशाळांत कौतुकाचे पेव फुटले. पुढे २००३ मध्ये रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास सुधारतो याला त्यांना फारसा आधार सापडला नाही. उलट चांगल्या कामगिरीनेच तो थोडाफार वाढतो, असे दिसले. म्हणजे आत्मसन्मान किती आहे यापेक्षा तो कशावर उभा आहे, हे पाहायला हवे. तेव्हा मिशिगन विद्यापीठात असलेल्या जेनिफर क्रॉकर यांनी पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांवर नेमका हाच अभ्यास केला. ज्यांनी स्वतःची किंमत अभ्यासातल्या यशाशी बांधली होती, त्यांचा आत्मसन्मान होकार आल्यावर इतरांपेक्षा जास्त चढे आणि नकार आल्यावर जास्त कोसळे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत पाचवीच्या काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले गेले, तर काहींच्या मेहनतीचे कौतुक झाले. पुढची कोडी अवघड निघाल्यावर हुशारीची शाबासकी मिळालेली मुले लवकर खचली, आणि आपले गुण लिहायला सांगितल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले. एकदा गुणांवरून माणूस जोखला जाऊ लागला की कमी गुण ही लपवण्याची गोष्ट होते. जो मुलगा गुण लपवतो, तो मदत कशी मागणार?

यावर पहिला आक्षेप येतो तो स्पर्धेचा. जगात तुलना होणारच, मग मुलांना तिच्यापासून वाचवून दुबळे कशाला करायचे? स्पर्धा आहे हे खरेच. २०२५ मध्ये नीटला २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला, तरी वीसमधल्या अठरा जणांना तरी ती जागा मिळणार नाही. ज्या परीक्षेत बहुतेकांना नकार ठरलेलाच आहे, तिच्यावर मुलांची किंमत ठरवणे हा गणिताच्याच दृष्टीने अन्याय आहे. उत्तरपत्रिका कडकपणे तपासा, चुका स्पष्ट दाखवा, पुन्हा सोडवायला लावा. पण ते त्या मुलाला सांगा, दोनशे पालकांना नव्हे.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा असतो: आम्हीही मार खाल्ला, नापास झालो, आमचे काही बिघडले नाही. पण त्या वेळी गप्प राहिलेल्यांची मोजदाद कोणी केली होती? शिवाय अनेकांना शेतात, मैदानावर, गावच्या भजनात किंवा नाटकात स्वतःची ओळख मिळत असे. आज इंटिग्रेटेड बॅचमधल्या अकरावीच्या मुलाचा दिवस क्लास, अभ्यासिका आणि टेस्ट सिरीज यांतच संपतो. सुरगाणा-पेठहून शहराच्या वसतिगृहात आलेल्या मुलीपाशी तर जवळचे माणूसही नसते. जिथे मापाची पट्टी एकच उरते, तिथे तिच्यावर कमी भरणे म्हणजे सगळ्याच बाबतींत कमी ठरणे होते.

पद्धत बदलता येते, याचे दाखले घरचेच आहेत. राज्य मंडळाने २०१५ मध्ये दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा जुलैमध्येच घेतली आणि वर्ष वाया जाण्याची टांगती तलवार दूर केली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठीही पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीची वाट काढली. आता कायदाही बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. गुणांनुसार बॅचेस पाडणे आणि विद्यार्थ्यांना चारचौघांत अपमानित करणे क्लासेसनी थांबवायचे आहे. समुपदेशकाचा खर्च परवडत नाही, असे काही संस्थाचालक म्हणतील. पण लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घेण्याची मुभा आहे, आणि नावानिशी यादी न पाठवायला एक पैसाही लागत नाही.

म्हणून नाशिकच्या पालकांनी या वर्षी प्रवेश घेताना फीच्या जोडीने तीन प्रश्न विचारावेत. समुपदेशक कोण आहे आणि मुलांना कधी भेटतो? बॅचेस गुणांवरून पाडता का? टेस्टचे गुण कोणाकोणाला कळवता? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर निकाल कितीही चांगला असो, त्या दारातून परत फिरावे. शिक्षण विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने हीच तपासणी क्लासेस आणि वसतिगृहांत जाऊन करावी, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक वर्गात व वसतिगृहात ठळक लावला आहे का, तेही पाहावे. घरात तर आजपासूनच सुरुवात करता येईल. किती गुण पडले हे विचारण्याआधी, काय अडले आणि त्यात कोणाची मदत हवी, हे विचारावे. नकार पचवून पुन्हा उभे राहण्याचे बळ मुलांना लागणारच आहे. ते येते नकारानंतरही आपल्या माणसांत आपली जागा शाबूत आहे या खात्रीतून, आणि ती खात्री देणे मोठ्यांच्या हातात आहे.